औषधाची चिठ्ठी आणि पगाराची पावती

इसवी सन १७०० मध्ये इटलीतील मोडेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयाकडे आपण कसे वळलो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या घरचा शौचकूप उपसण्यासाठी आलेला मजूर विलक्षण घाईने काम करीत होता. एवढी घाई कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, की या खड्ड्यात अधिक वेळ थांबले तर डोळे जातात. रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले. ते लाल होते, धूसर झाले होते. पूर्वसूरींनी सांगितलेल्या प्रश्नांत त्याने मग आणखी एकाची भर घातली. रोग्याला ‘तुम्ही काम काय करता?’ हेही विचारावे, असा आग्रह त्याने वैद्यांजवळ धरला.

तीन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या व्यवसायात हा प्रश्न पुष्कळदा राहूनच जातो. शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तर मी त्याला एक जोडप्रश्न अवश्य विचारतो: ‘तुमच्या पगारातून काय काय कापले जाते?’ ऐकणाऱ्याला तो आगाऊपणाचा वाटतो. तथापि त्याच्या उत्तरावर कामगाराचा क्षय पुरता बरा होणार की अर्ध्यावर उपचार सुटणार, त्याच्या म्हाताऱ्या आईचे ऑपरेशन कोठे होणार, आणि दुर्दैवाने तोच गेला तर मागे राहिलेल्यांची चूल पेटणार की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून आजच्या लेखात औषधांपेक्षा या कपातींविषयी आणि त्यांतून मिळणाऱ्या हक्कांविषयी लिहिणार आहे. माझ्यासमोर प्रामुख्याने मुंबईतील महानगरपालिकेचे सफाई कामगार आहेत; परंतु यातील पुष्कळसा भाग इतर शहरांतील पालिका कामगारांच्या कुटुंबांनाही लागू पडेल.

एक झाडू, दोन नशिबे

पहाटेच्या पाळीला एकाच रस्त्यावर झाडू मारणाऱ्या दोघांत आपल्याला फरक दिसत नाही. मात्र एक पालिकेच्या हजेरीपटावरचा कायम कामगार असतो आणि दुसरा कंत्राटदाराचा माणूस. पहिल्याला भरपगारी रजा, निवृत्तीनंतरचे लाभ आणि काही वेळा राहायला खोली असते. दुसऱ्याचा एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. कित्येकांना तर ‘कामगार’ हे नावही मिळत नाही. वस्ती स्वच्छतेच्या योजनेत त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाते आणि मजुरीला ‘मानधन’. शब्दांचा हा फरक वरवरचा नाही. कामगार म्हटले की कायदा पाठीशी उभा राहतो. स्वयंसेवक म्हटले की त्याला उंबऱ्यावरूनच परतवता येते.

मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही अनेकांचे काम अडले, ते कागदोपत्री नावांत असलेल्या तफावतीमुळे. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे. कोठे वडिलांचे नाव चुकलेले, कोठे आडनावाची वेलांटी. न्यायालयात जिंकलेला हक्क कारकुनाच्या टेबलावर अडकावा, ही गोष्ट कामगाराच्या घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कपात म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. पुढील वर्षी आलेल्या त्यांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. आता नव्या कामगार संहितांमध्ये त्याचा समावेश झाला असला, तरी योजनेचा गाभा तोच आहे. आपण तिला ‘ईएसआय’ म्हणून ओळखतो.

मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि नियोक्ता सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १८,००० रुपये पगार असेल, तर कामगाराचे १३५ रुपये आणि नियोक्त्याचे ५८५. या १३५ रुपयांबद्दल कुरकुर करणारे मला नेहमी भेटतात. त्यांच्या बदल्यात स्वतःला, पती वा पत्नीला, मुलांना आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या, अवलंबून असणाऱ्या आईवडिलांना दवाखान्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळतात, हे सांगितले की कुरकुर थांबते. मुंबईत वरळी, मुलुंड, कांदिवली येथे आणि परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात ही व्यवस्था आहे.

उपचारांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आजारपणातला रोख भत्ता. ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दिवसाला ६०० रुपये मिळवणाऱ्याला ती ४२० रुपये पडते. कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आले, तर हे प्रमाण ९० टक्के असते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र वेळेवर घ्यावे लागते. पुष्कळ घरांत रोग्याला आधी खाजगी दवाखान्यात नेतात, पंधरा दिवस जातात, उसनवारी होते, आणि मग कोणाला तरी कार्डाची आठवण होते. क्रम उलटा हवा.

क्षयाचे औषध फुकट, पण घर?

या योजनेची खरी कसोटी क्षयरोगात लागते. कचरा, धूळ, अपुरे अन्न आणि दाटीची घरे यांमुळे हा रोग सफाई कामगारांच्या वस्त्यांत ठाण मांडून बसलेला आहे. औषधे शासन विनामूल्य देते. साधारणतः सहा महिन्यांत रोगी बरा होतो. असे असता उपचार अर्ध्यावर का सुटतात? याचे उत्तर मला एका कंत्राटी कामगाराच्या पत्नीने एका वाक्यात दिले होते. ‘डॉक्टरसाहेब, गोळ्या फुकट मिळतात हो, पण खाडे पडले की चूल कशावर पेटवायची?’

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि माणूस झाडू घेऊन पुन्हा उभा राहतो. मुकादमाला आजार कळला तर काम जाईल, या धास्तीने तो गोळ्या लपवतो, मग चुकवतो, अखेर सोडतो. औषधांना दाद न देणारा क्षय अशा वाटेने घरात शिरतो, आणि पहिला घाव घालतो तो घरातील नातवंडावर किंवा मधुमेही आजीवर.

अशा रोग्यासाठी ईएसआयमध्ये ‘विस्तारित आजारपण लाभ’ आहे. क्षयरोगासह ३४ दीर्घकालीन आजारांत, दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर ९१ दिवसांनंतरही वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळत राहते. आणि गरजेनुसार हा लाभ दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. हा लाभ चालू असताना आजाराच्या कारणावरून कामगाराला काढून टाकता येत नाही, हे त्याच्या भीतीवरचे नेमके औषध आहे. याखेरीज शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरोग्याला नोव्हेंबर २०२४ पासून उपचाराच्या काळात महिन्याला १,००० रुपये मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा, हे मी सर्वांना सांगतो. आता त्याच दमात हेही सांगतो, की निदान होताच त्याच आठवड्यात भत्त्याचा अर्ज करावा. माझ्या दृष्टीने तोही उपचाराचाच भाग आहे.

हातमोजा हीसुद्धा आरोग्यसेवा

रोग होऊ नये म्हणून काय मागावे, तेही थोडक्यात सांगतो. कचऱ्यातली काच आणि सुया ही रोजची जोखीम आहे. कापले किंवा सुई टोचली तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात जावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. धनुर्वाताची लस आणि हेपॅटायटिस ‘बी’च्या तीन मात्रा आधीच घेतलेल्या असाव्यात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच तपासावे. मजबूत हातमोजे, गमबूट, रेनकोट आणि चौकीवर अंघोळीची सोय या मागण्या युनियनच्या पत्रकात वाचल्या की लोकांना त्या पैशांच्या वाटतात. मला त्या प्रतिबंधक वैद्यकाच्या पुस्तकातल्या वाटतात. ४० वर्षांवरील कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद नव्या संहितांनी आणली आहे, तीही आग्रहाने मागून घ्यावी. कामगारांतील दारूचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी आणि मनाच्या इतर दुखण्यांसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, तेथे घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण स्वतः निवृत्त आहेत किंवा निवृत्तांची काळजी घेत आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली अशी, की किमान पाच वर्षे ईएसआयचा विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून त्याला व त्याच्या पत्नीला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. निवृत्तीच्या धांदलीत हा अर्ज राहून जातो.

दुसरी उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, असा तिचा हिशेब आहे. अखेरचे वेतन २६,००० रुपये आणि नोकरी वीस वर्षांची असेल, तर तीन लाख रुपये होतात. कंत्राटदार बदलला की नोकरीची साखळी तुटल्याचे दाखवले जाते. म्हणून जुन्या कंत्राटदारांची ओळखपत्रे आणि पगारपावत्या फेकू नयेत.

तिसरी भविष्य निर्वाह निधीची. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाला, तर निधीच्या रकमेव्यतिरिक्त त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून कमाल सात लाख रुपयांपर्यंत रक्कम वारसाला मिळू शकते आणि विधवेला निवृत्तिवेतन मिळते. हे पैसे बहुधा अडतात ते नामनिर्देशनात. लग्नापूर्वी आईचे नाव लावलेले असते, नंतर ते बदलायचे राहते, आणि दुःखाच्या दिवसांत सासू-सुनेला एकमेकींसमोर उभे राहावे लागते. आज घरात सगळे सुखरूप असतानाच हे नाव तपासून पाहा.

चौथी सर्वांसाठी आहे. ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. ईएसआयचा लाभ असलेल्यांनाही हे कार्ड काढता येते. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी आहे. रुग्णालय योजनेशी संलग्न आहे ना, एवढे भरती होण्यापूर्वी विचारावे.

‘अनफिट’चा दाखला

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. लाड आणि पागे या समित्यांच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात पात्र सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कामगार निवृत्त झाला, मरण पावला, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला, तर हा हक्क लागू होतो. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने याविषयीच्या तरतुदी एकत्र केल्या. पिढ्यान्‌पिढ्या घाण उपसलेल्या घरांना तेवढा तरी आधार असावा, ही त्यामागची भूमिका आहे. या नोकरीबरोबर बऱ्याचदा डोक्यावरचे छप्परही बांधलेले असते.

परंतु दवाखान्यात या हक्काची दुसरी बाजू दिसते. पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या वडिलांना दम लागतो, साखर वाढलेली असते, आणि बरोबर आलेला मुलगा हळूच विचारतो, ‘बाबांना अनफिट करून घेता येईल का?’ त्याला दोष देणे सोपे आहे. तो पाच वर्षे बेकार असतो, त्याचे लग्न अडलेले असते. मात्र वडील खाली मान घालून बसलेले असतात, हेही मी पाहतो. आपल्या बरे होण्यापेक्षा आपले आजारी असणे घराला अधिक उपयोगी आहे, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. काहीजण मग औषधे मनापासून घेतच नाहीत.

अशा वेळी मी तीन गोष्टी सांगतो. वैद्यकीय अपात्रता नियुक्त वैद्यकीय मंडळ ठरवते. घरच्यांच्या इच्छेवर किंवा माझ्या चिठ्ठीवर ती ठरत नाही. वारसाचा हक्क निवृत्तीनंतरही असतो, म्हणून वडिलांनी आजारी पडलेच पाहिजे असे नाही. अटी आणि कागद तेवढे आताच समजून घ्या. आणि खरोखरच शरीर थकले असेल, तर हलके काम मागणे किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणे यांचा विचार वडिलांना बाजूला ठेवून नव्हे, तर त्यांना मध्ये बसवून करावा. निर्णय कोणताही होवो, त्यांची औषधे एक दिवसही थांबता कामा नयेत.

युनियनचे दार

एवढे नियम एकट्या कामगाराने पेलणे कठीण आहे. यासाठीच संघटना असते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना निवर्तले. कामगारांचा हक्क आणि त्यांचे आरोग्य या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे युनियन म्हटले की संप आणि बोनस आठवतो. प्रत्यक्षात तिच्या कार्यालयातील एखादा जुना जाणता कार्यकर्ता कोणता अर्ज कोठे द्यायचा, कोणत्या नावातली चूक कशी सुधारायची, कंत्राटदाराने वर्गणी कापली पण भरलीच नाही तर काय करायचे, हे आमच्यापैकी कोणाही डॉक्टरपेक्षा अधिक जाणतो. कंत्राटदाराने पैसे बुडवले तरी मुख्य नियोक्ता या नात्याने पालिकेची जबाबदारी संपत नाही. परंतु एकट्याने हे सांगितले तर कोणी ऐकत नाही, संघटनेने सांगितले तर ऐकावे लागते. म्हणून कामगाराच्या पत्नीने, मुलीने किंवा सुनेने युनियनचे कार्यालय एकदा तरी पाहून यावे. माणूस अतिदक्षता विभागात असताना तो पत्ता शोधण्याची वेळ येऊ नये.

या पंधरवड्यात करावयाचे काम

घरात एक जाड पिशवी किंवा फाइल करावी आणि तिच्यात पुढील गोष्टी ठेवाव्यात:

• ईएसआयचे कार्ड आणि दहा अंकी विमा क्रमांक. कुटुंबातील प्रत्येकाचे, विशेषतः आईवडिलांचे, नाव त्यात आहे ना ते पाहावे.
• भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक. पासबुकात दरमहा रक्कम जमा होते का, ते तीन महिन्यांतून एकदा तपासावे. कंत्राटदार बदलला तरी हा क्रमांक तोच राहतो.
• पगारपावत्या, हजेरीची नोंद, जुनी-नवी ओळखपत्रे.
• आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक. सर्वांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच असावी. तफावत असल्यास आताच दुरुस्त करावी.
• नामनिर्देशनाची प्रत.
• चालू औषधांची यादी, मागील तपासण्यांचे अहवाल, झालेल्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे.
• युनियनच्या कार्यालयाचा आणि जवळच्या ईएसआय दवाखान्याचा पत्ता.

ही फाइल कोठे आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. त्यांतील एक व्यक्ती घरातली बाई असावी, असा माझा आग्रह आहे. कारण आजारपणात रांगेत बहुधा तीच उभी राहते.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर ताजी पगारपावतीही घेऊन या. दोन्ही कागद एकत्र वाचले, की कोणता उपचार परवडेल यापेक्षा कोणता उपचार योग्य, याचा विचार आपल्याला करता येतो.